उष्ण हवामान आणि इंजिनाची शक्ती : मोटारीपासून उन्हाळी नांगरटीपर्यंत

एकात्मिक कीड व्यवस्थापनाच्या शिफारशींत उन्हाळी खोल नांगरटीला पहिले स्थान असते. त्याचे कारण वाचकांना परिचित आहे. हरभरा वा तुरीवरील घाटे अळी पूर्ण वाढ झाल्यावर जमिनीत उतरून कोषावस्थेत जाते; हुमणीचे भुंगेरे वळवाच्या पहिल्या पावसाची वाट पाहत मातीत दडून राहतात. नांगराच्या फाळाने माती उलटली की हे सारे उघड्यावर येते आणि उरलेले काम ऊन व पक्षी करतात. शिफारस निर्विवाद आहे. मात्र ती करताना आपण कीटकशास्त्रज्ञ एका गोष्टीचा विचार क्वचितच करतो. कोषांना मारक ठरणारा तोच उन्हाळा नांगर ओढणाऱ्या इंजिनालाही जाचक असतो. वर्षातील सर्वांत टणक जमीन, सर्वांत खोल तास आणि सर्वांत तापलेली हवा या तिन्ही गोष्टी एकाच महिन्यात एकत्र येतात.

उष्णतेने इंजिनाची शक्ती नेमकी किती घटते? याविषयी लोकांत दोन टोकांची मते आढळतात. काहींच्या मते मे महिन्यात गाडी 'अर्धी' होते, तर काहींच्या मते आधुनिक इंजिनाला हवामानाची काहीच पर्वा नसते. वस्तुस्थिती या दोहोंहून वेगळी आहे आणि काही ठिकाणी अनपेक्षितही आहे. ती समजून घेण्यासाठी बंगळुरूसारखे दुसरे सोयीचे शहर नाही. म्हणून प्रथम मोटारीच्या इंजिनाचा विचार करू आणि मग शेतात जाऊ.

हवा : इंजिनाचे न दिसणारे खाद्य

इंजिन पेट्रोलवर चालते असे आपण म्हणतो, पण वजनाचा हिशेब मांडला तर ते मुख्यतः हवेवर चालते. एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी सुमारे १४.७ किलो हवा लागते. म्हणजे एक लिटर पेट्रोलमागे जवळजवळ अकरा किलो हवा. आकारमानात सांगायचे तर बंगळुरूच्या हवेचे सुमारे दहा हजार लिटर. पेट्रोल हवे तितके सोडता येते. हवा मात्र सिलिंडरच्या आकारमानापुरतीच आत येते. त्या ठरलेल्या जागेत हवेचे वजन किती मावते, यावर इंजिनाची कमाल शक्ती ठरते. हवा तापली की प्रसरण पावते, तितक्याच जागेत तिचे वजन कमी भरते, आणि तेवढेच इंधन कमी जाळता येते. उष्ण हवामानाचा इंजिनावरील मूळ परिणाम एवढाच आहे.

परंतु हवा विरळ होण्याचे दुसरे कारण म्हणजे उंची. बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर आहे. तेथील वायुदाब ९१० हेक्टोपास्कलच्या आसपास असतो. नागपूर सुमारे ३१० मीटर उंचीवर आहे आणि तेथील दाब साधारण ९७० हेक्टोपास्कल भरतो. आता बंगळुरूतील २५ अंश सेल्सिअसची आल्हाददायक सकाळ आणि नागपुरातील ४५ अंशांची मे महिन्यातील दुपार यांची तुलना करू. दाब आणि तापमान यांवरून घनता काढली, तर दोन्ही ठिकाणी एक घनमीटर हवेचे वजन सुमारे १.०६ किलो येते. माणसाला एक हवा सुखद वाटते आणि दुसरी असह्य. वजनाच्या हिशेबात मात्र दोन्ही सारख्याच आहेत. नागपुरातच जानेवारीतल्या पहाटे, पारा १० अंशांवर असताना, हे वजन सुमारे १.२ किलो असते.

यापुढची गोष्ट अधिक रंजक आहे. इंजिनाची शक्ती मोजणाऱ्या आंतरराष्ट्रीय मानकात निरनिराळ्या हवामानांतील मोजमापे एका पातळीवर आणण्यासाठी एक सूत्र दिलेले आहे. त्यात संदर्भ तापमान २५ अंश आणि कोरड्या हवेचा दाब ९९ किलोपास्कल धरला जातो. टर्बोचार्जर नसलेल्या पेट्रोल इंजिनासाठी या सूत्रात दाबाचा घातांक १.२ आणि केल्विनमधील तापमानाचा घातांक ०.६ आहे. याचा साधा अर्थ असा की दाब एक टक्क्याने घटला तर शक्ती एक टक्क्याहून थोडी अधिक घटते. तापमान मात्र एक टक्क्याने वाढले तर शक्ती अर्ध्या टक्क्याहून थोडीच जास्त घटते. २५ अंशांवरून ४५ अंशांवर गेल्यास होणारा तोटा यानुसार चार टक्क्यांच्या जवळपास येतो. बंगळुरूची उंची मात्र एकटीच दहा ते बारा टक्के शक्ती हिरावून घेते. सर्व घटक एकत्र धरून मी केलेल्या आकडेमोडीत नागपूरच्या मे महिन्यातील दुपारी साध्या पेट्रोल मोटारीचा तोटा आठ टक्क्यांच्या आसपास येतो. म्हणजे बंगळुरूच्या गुलाबी हवेत तीच मोटार नागपूरच्या भर उन्हातल्यापेक्षा थोडी दुबळीच असते!

तापमानाचा परिणाम अपेक्षेपेक्षा सौम्य का? आत येणारी हवा सिलिंडरमध्ये पोहोचेपर्यंत तप्त नळ्या, झडपा आणि सिलिंडरच्या भिंती यांना स्पर्श करीत जाते. बाहेरची हवा थंड असेल तर ती वाटेत अधिक तापते, मुळातच तापलेली असेल तर कमी तापते. त्यामुळे बाहेरचा वीस अंशांचा फरक आत पोहोचेपर्यंत बराच पुसट होतो. दाबाच्या बाबतीत अशी कोणतीही भरपाई होत नाही.

कोकणातील वाचकांसाठी एक पुस्ती जोडावी लागेल. मुंबईत वा रत्नागिरीत मे महिन्यात पारा ३३ अंशांवर थांबतो, पण आर्द्रता ७५ टक्के असेल तर हवेच्या दाबातील जवळजवळ चार टक्के वाटा पाण्याच्या वाफेचा असतो. वाफ सिलिंडरमध्ये जागा अडवते, पण ज्वलनाला तिचा उपयोग नाही. विदर्भाच्या कोरड्या उन्हाने जेवढे जाते, जवळपास तेवढेच कोकणात दमटपणाने जाते.

मग उन्हाळ्यात गाडी जड का वाटते?

तोटा चार टक्क्यांचाच असेल तर चालकाला तो एवढा का जाणवतो, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर हवेच्या वजनात नाही, तर उष्णतेच्या आडवाटांत आहे.

पहिली आडवाट वातानुकूलनाची. एसीचा कंप्रेसर इंजिनाच्याच पट्ट्यावर चालतो आणि कडक उन्हात तो तीन-चार अश्वशक्ती सहज खातो. साठ-पासष्ट अश्वशक्तीच्या छोट्या मोटारीत हाच तोटा उष्ण हवेच्या तोट्याइतका किंवा त्याहून मोठा ठरतो. आणि चढावर, इंजिनाचे फेरे कमी असताना, तो विशेष बोचतो.

दुसरी आडवाट रहदारीची. हेब्बाळच्या उड्डाणपुलाखाली गाड्यांची रांग तुंबली की बॉनेटखालची हवा बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी अधिक तापते. इंजिन जर तीच हवा ओढत असेल तर हवामान खात्याच्या पाऱ्याला अर्थ उरत नाही. इंजिनापुरता तो साठ अंशांवर गेलेला असू शकतो. बंगळुरू शहराचा आजवरचा उच्चांक ३९.२ अंशांचा आहे (२४ एप्रिल २०१६). बॉनेटखाली मात्र हा आकडा रोजच्या कोंडीत ओलांडला जातो. हवा घेण्याची नळी समोरच्या जाळीमागे, मोकळ्या वाऱ्यात असणे किती महत्त्वाचे आहे हे यावरून कळावे.

तिसरी आडवाट सर्वांत गंभीर आहे. सिलिंडरमध्ये मिश्रण सुमारे दहापट दाबले जाते, तेव्हा त्याचे केल्विनमधील तापमान दुपटीहून अधिक वाढते. म्हणून आत येताना वीस अंशांनी गरम असलेले मिश्रण दाबाच्या अखेरीस चाळीस-पंचेचाळीस अंशांनी अधिक गरम असते. ठिणगीची लाट पोहोचण्याआधीच त्याचा काही भाग आपोआप पेटतो आणि इंजिनातून कट्-कट् असा ठोका ऐकू येतो. यालाच 'नॉकिंग' म्हणतात. अलीकडच्या मोटारींत हा ठोका टिपणारा संवेदक असतो. संगणक लगेच ठिणगी उशिरा टाकू लागतो. इंजिन वाचते, पण शक्तीचा आणखी एक वाटा जातो. पेट्रोलमध्ये मिसळले जाणारे, आपल्या उसापासूनही तयार होणारे इथेनॉल या बाबतीत उपकारक आहे : ते सहज ठोका देत नाही आणि बाष्प होताना मिश्रणाला अधिक थंडावा देते. त्याची ऊर्जा प्रतिलिटर कमी असते, हा वेगळा हिशेब.

जुन्या वाचकांना याहून वेगळी अडचण आठवत असेल. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४० साली बंगळुरूत विमानांचा कारखाना उभा केला आणि १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना केली. त्यांच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे बाहेर पडलेली फियाट उन्हाळ्यात बोरघाट चढताना थांबली, की चालक बॉनेट उघडून इंधन चढवणाऱ्या पंपावर ओले फडके ठेवीत. पंपात पेट्रोलचीच वाफ होऊन प्रवाह तुटलेला असे; फडक्याने ती वाफ पुन्हा द्रवरूप होई. इंधनाचा पंप टाकीत बसवला गेला आणि नळीतला दाब वाढला, तेव्हा ही अडचण जवळजवळ नाहीशी झाली. कार्ब्युरेटरवर चालणाऱ्या छोट्या यंत्रांत, म्हणजे पाठीवरच्या पॉवर स्प्रेअरमध्ये, ती अजूनही भेटते.

येथे कीटकांचा विषय काढण्याचा मोह आवरत नाही. विरळ हवा आणि उष्ण हवा या दोन्ही अडचणी उडणाऱ्या कीटकांपुढेही आहेत, आणि त्यांनी त्या फार पूर्वी सोडवल्या. मायकल डिलन आणि रॉबर्ट डडली यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चीनमधील पर्वतांतल्या बंबलबी माश्यांना कृत्रिमरीत्या विरळ केलेल्या हवेत उडवले. त्यांपैकी काहींनी ९,००० मीटरहून अधिक उंचीवरच्या हवेतही स्वतःला तोलून धरले. पंखांचा वेग वाढवून नव्हे, तर प्रत्येक फटकाऱ्याचा पल्ला रुंदावून. उष्णतेबाबत बर्न्ड हाइनरिख यांचे मधमाश्यांवरील काम अभिजात मानले जाते. हवा ४६ अंशांवर असताना मधमाशी पोटातील पातळ मकरंदाचा थेंब तोंडाशी आणते. त्याच्या बाष्पीभवनाने डोके थंड होते आणि त्यामागोमाग उड्डाणाच्या स्नायूंनी भरलेले वक्षही. फियाटच्या पंपावरचे ओले फडके आणि मधमाशीच्या तोंडाशी आलेला थेंब यांचे भौतिकशास्त्र एकच आहे. फटकाऱ्याचा पल्ला वाढवण्याची युक्ती मात्र साध्या इंजिनाला साधत नाही. त्याचा दट्ट्या ठरलेल्या अंतरातच सरकतो. हवा बाहेरूनच दाबून भरणे, म्हणजे टर्बोचार्जर, हा त्यावरचा माणसाचा उपाय.

ट्रॅक्टरचा मे महिना

आता शेताकडे वळू. ट्रॅक्टरच्या डिझेल इंजिनात ठिणगी नसते, त्यामुळे नॉकिंगची चिंता नाही. हवेच्या वजनाचा नियम मात्र लागू आहेच. टर्बो नसलेल्या डिझेल इंजिनासाठी याच मानकातील तापमानाचा घातांक ०.७ आहे, २५ अंशांवरून ४३ अंशांवर जाताना चार टक्क्यांच्या आसपास शक्ती जाते. यात डिझेलची स्वतःची भर पडते. जुन्या पद्धतीचा यांत्रिक पंप डिझेल वजनाने नव्हे, तर आकारमानाने मोजून देतो. इंजिनातून परतणाऱ्या गरम डिझेलमुळे आणि उन्हामुळे टाकी तीस अंशांनी तापली, तर प्रत्येक फवाऱ्यात दोन-अडीच टक्के इंधन वजनाने कमी पडते. शिवाय पातळ झालेले डिझेल पंपाच्या फटींतून अधिक झिरपते. टर्बोचार्जर असलेल्या इंजिनांत गंमत उलटी आहे. उंचीची भरपाई टर्बो बऱ्याच अंशी करतो, पण उष्णतेला ती इंजिने अधिक हळवी असतात. कारण हवा दाबताना टर्बो तिला पन्नास-साठ अंशांनी आणखी तापवतो. इंटरकूलर त्यातली बरीच उष्णता काढून घेतो, परंतु तोही शेवटी बाहेरच्या हवेवरच अवलंबून.

आपल्या देशातील ट्रॅक्टर चाचणीत या गोष्टीची दखल घेतलेली आहे, हे अनेक शेतकऱ्यांना ठाऊक नसते. मध्य प्रदेशात नर्मदाकाठी बुधनी येथे केंद्र शासनाची कृषी यंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्था आहे. तेथे पीटीओवरील शक्ती नेहमीच्या हवामानात मोजली जाते आणि सुमारे ४३ अंशांच्या उष्ण हवेत ती पुन्हा मोजली जाते. दोन्ही आकडे चाचणी अहवालात स्वतंत्रपणे छापलेले असतात. थंडावा देणाऱ्या पाण्याचे आणि इंजिन ऑइलचे कमाल तापमानही त्यांत असते. विक्रेत्याच्या पत्रकावर मात्र एकच, मोठा आकडा असतो. विदर्भ, मराठवाडा वा खानदेशातील शेतकऱ्याने ट्रॅक्टर घेताना उष्ण हवेतील आकडा मागावा, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. दोन ट्रॅक्टरांची अश्वशक्ती कागदावर सारखी असली, तरी या रकान्यात त्यांच्यात फरक असू शकतो आणि मे महिन्यात जमिनीवर तोच फरक दिसतो.

शक्तीच्या चार-सहा टक्क्यांपेक्षा मोठा धोका रेडिएटरचा आहे. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकू शकतो, हे पाणी आणि हवा यांच्या तापमानांतील फरकावर ठरते. पाणी ९५ अंशांवर आणि हवा २५ अंशांवर असेल तर हा फरक ७० अंशांचा. हवा ४५ अंशांवर गेली की तो ५० अंशांवर येतो. म्हणजे इंजिनाची शक्ती चार टक्क्यांनी घटली, तेव्हा त्याला थंड ठेवण्याची क्षमता जवळजवळ तीस टक्क्यांनी घटलेली असते. त्यात नांगरट म्हणजे तासन्‌तास पूर्ण भार आणि मंद वेग; समोरून येणारा वारा जवळपास नाहीच. रेडिएटरच्या जाळीत गव्हाचा भुसा वा पालापाचोळा अडकलेला असेल, पंख्याचा पट्टा सैल असेल, तर उरलेले अंतरही संपते आणि पाणी उकळते. इंजिन जॅम होऊन हंगामाच्या तोंडावर होणारा खर्च लहान शेतकऱ्याला परवडणारा नसतो.

या टप्प्यावर चालक काय करतो, हे पाहणे कीटकशास्त्राच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचे आहे. इंजिन दबू लागते, धुराड्यातून काळा धूर येतो. काळा धूर म्हणजे हवेअभावी अर्धवट जळलेले डिझेल. अशा वेळी योग्य उपाय एकच : खालचा गिअर घेणे आणि काम सावकाश करणे. परंतु भाड्याचा ट्रॅक्टर एकरावर ठरलेला असेल तर वेळ म्हणजे पैसा. मग हात हायड्रॉलिकच्या दांड्याकडे जातो आणि नांगर दोन-तीन बोटे वर उचलला जातो. धूर थांबतो, ट्रॅक्टर पळू लागतो, शेत संध्याकाळपर्यंत नांगरून होते. वरून पाहता रान काळेभोर, उलटलेले दिसते. पण शेवटच्या दोन-तीन बोटांच्या थरात जे कोष वा भुंगेरे होते, ते तसेच राहतात. शेतकऱ्याने पैसे खोल नांगरटीचे मोजलेले असतात. पुढे जुलैमध्ये प्रादुर्भाव दिसला की शिफारस कुचकामी ठरवली जाते.

म्हणून वेळेची निवड ही केवळ सोयीची बाब नाही. इंजिनाला विचारले तर ते रात्रीची नांगरट मागेल; पहाटेपर्यंत हवा पंधरा अंशांनी थंड असते आणि दिव्याच्या उजेडात नांगरणारे ट्रॅक्टर आता सर्वत्र दिसतातही. येथे मात्र माझी तक्रार आहे. नांगरामागून चालणारे बगळे, साळुंक्या आणि कावळे रात्री झोपलेले असतात. उघडी पडलेली अळी अंधारात पुन्हा ढेकळाखाली सरकते; कोषाला हलता येत नाही, पण तोही सकाळपर्यंत मातीच्या घसरणीने झाकला जाऊ शकतो. इंजिन आणि पक्षी या दोघांनाही मानवणारी वेळ पहाटे उजाडल्यापासून दहापर्यंतची. त्या वेळी हवा अजून तापलेली नसते, पक्षी भुकेले असतात, आणि सकाळी उलटलेली माती लगेच पूर्ण दिवसभराचे ऊन खाते. क्षेत्र मोठे असेल तर उरलेले काम सायंकाळी चार-साडेचारनंतर घ्यावे. भर दुपारी नांगरट केल्याने कोष अधिक मरतात हा समज निराधार आहे. माती उलटलेली राहिली की ऊन आपले काम करतेच.

ट्रॅक्टरची तयारी मोठ्या खर्चाची नाही. रोज सकाळी रेडिएटरची जाळी आतून बाहेरच्या दिशेने हवेने वा ब्रशने साफ करावी. बाहेरून जोराने पाणी मारल्यास भुसा आणखी आत बसतो. एअर क्लीनर तेलाचा असेल तर नांगरटीच्या धुळीत त्यातील तेल नेहमीपेक्षा लवकर बदलावे लागते, कारण गाळणी तुंबणे म्हणजे बंगळुरूची विरळ हवा स्वतःहून विकत घेण्यासारखे आहे. डिझेलची टाकी भरलेली ठेवावी. भरलेली टाकी सावकाश तापते. पाणी उकळलेच तर भार काढून इंजिन काही मिनिटे मंद चालू ठेवावे, एकदम बंद करू नये. आणि रेडिएटरचे झाकण गरम असताना कदापि उघडू नये, आतील वाफेने चेहरा व हात गंभीर भाजतात. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतल्यास सिलिंडर हेडला तडा जाऊ शकतो.

आणि एक काठी जवळ ठेवावी. तिच्यावर ठरलेल्या खोलीची खूण करून सकाळच्या पहिल्या तासात ती न नांगरलेल्या कडेला टेकवून पाहावी, आणि ऊन चढल्यावर, दहाच्या सुमारास, पुन्हा पाहावी. खूण मातीच्या वर दिसू लागली, की गिअर खालचा घ्यायला सांगावे किंवा ट्रॅक्टर सावलीत उभा करावा.